आलेखाआधी वाक्य लिहा
आलेख काढायला बसण्यापूर्वी, तो पाहून वाचणाऱ्याला नेमके काय कळावे हे एका पूर्ण वाक्यात लिहून काढा आणि तेच वाक्य आलेखाचे शीर्षक करा. ‘महिनावार विक्री’ यापेक्षा ‘दरवाढीनंतर विक्री घटली’ हे शीर्षक कितीतरी अधिक सांगते, अर्थात आकडे तसे दाखवत असतील तरच. केवळ सरासरीवर मात्र कधीही विसंबू नका. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले होते. त्यांची सरासरी, विचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत) आणि सहसंबंध (दोन राशी कितपत एकत्र बदलतात) जवळजवळ सारखेच होते, पण आलेख काढताच चारही संच पूर्णपणे वेगळे दिसले. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, कारण तिथे डोळा लांबीची तुलना करतो. ठळक रंग महत्त्वाच्या एकाच रेषेला द्यावा, बाकीच्या करड्या ठेवाव्यात.