विचारा बाईंना : वास वेगळा, वायू वेगळा

प्रश्न : बाई, आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. रात्री जेवणं आटोपली की कचऱ्याचा असा भपकारा येतो की उकाड्यातही खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मुलगा सांगत होता की कांजूरमार्गच्या कचऱ्यातला मिथेन परदेशी शास्त्रज्ञांना उपग्रहातून दिसला. आम्हाला इथे बसून नाकाने कळतंय, त्यासाठी त्यांना उपग्रह कशाला लागला? आणि मिथेन म्हणजे पाईपचाच गॅस ना? मग एखाद दिवशी भडका उडाला तर?
– एक गृहिणी, विक्रोळी (पूर्व)

उत्तर : तुमच्या नाकाला जे कळतंय तो मिथेन नाहीच. मिथेनला रंग नसतो आणि वासही नसतो. पाईपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेनच असतो, पण गळती लक्षात यावी म्हणून त्यात गंधकाचं उग्र वासाचं संयुग मुद्दाम मिसळतात. कचऱ्याचा भपकारा असतो हायड्रोजन सल्फाइडचा आणि त्याच्या गंधकवाल्या भावंडांचा. हवेत अब्जात काही भाग एवढा जरी तो असला तरी नाक मुरडतं. रात्रीच का? दिवसा समुद्रावरचा वारा सगळं ढवळून लांब नेतो. अंधार पडला की वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसून राहते आणि वासही तिच्यात अडकतो.

म्हणून वासावरून मिथेनचा अंदाज बांधता येत नाही. फवारे मारून वास घालवला तरी मिथेन पूर्वीइतकाच निघत राहू शकतो. तक्रार वासाची होते आणि उपायही वासावरच होतो, ही माझी जुनी कुरकुर आहे.

भडक्याची भीती मनातून काढून टाका. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेटतो. जगाच्या हवेत तो सरासरी दहा लाखांत १.९ भाग आहे. तुमच्या गॅलरीत याच्या कैक पट झाला तरी एका टक्क्याच्या आसपासही जात नाही. ढिगाऱ्याच्या पोटातल्या वायूत मात्र निम्म्याच्या घरात मिथेनच असतो. तिथे आग लागली की ती लवकर विझत नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आपण सगळ्यांनी ते पाहिलं. तो धूर नासाच्या उपग्रहचित्रातही आला होता. काळजी करायची तर तसल्या धुराची करा.

आता उपग्रहाचं. मिथेन पृथ्वीला तापवतो, म्हणून तो किती निघतो याचा हिशेब लागतो. नाकाने तक्रार करता येते, हिशेब करता येत नाही. नेदरलँड्सच्या 'स्रॉन' या अंतराळ संशोधन संस्थेतले योआनेस मासाकर्स आणि त्यांचे सहकारी यांनी हा हिशेब चार शहरांसाठी केला : ब्वेनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई. २०२२ मध्ये तो छापून आला. ट्रोपोमी नावाचं उपकरण ऑक्टोबर २०१७ पासून पृथ्वीभोवती फिरतंय. जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशातला कोणता भाग मिथेनने गिळला, हे ते तपासतं. पण त्याच्या चित्रातला एकेक ठिपका साडेपाच बाय सात किलोमीटरचा असतो. विक्रोळी, कांजूर, भांडुप सगळं एकाच ठिपक्यात! त्यामुळे त्याने एवढंच सांगितलं, की या शहरावर मिथेन जास्त आहे. मग २५ मीटरपर्यंत बारीक पाहू शकणारे जीएचजीसॅट या कंपनीचे उपग्रह त्या भागावर रोखले, तेव्हा कांजूरचा ढीग सापडला. आकडा निघाला ताशी सुमारे ९.८ टन. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये मोजायचं तर वजनाने दर तासाला जवळजवळ ६९० सिलिंडर. मुंबईच्या एकूण मिथेनपैकी सुमारे चौथा हिस्सा या एका जागेतून निघतो, असं त्यांचं गणित आहे. आणि चारही शहरांचं उत्सर्जन नेहमीच्या कागदी अंदाजांच्या १.४ ते २.६ पट भरलं.

यात एक मेख आहे. उपग्रहाला दिसतं ते दिवसाउजेडी आणि ढग नसताना. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश उघडं असतं कधी? शिवाय खाडीचं पाणी त्या प्रकाशात जवळजवळ काळं दिसतं, आणि मुंबईच्या तिन्ही बाजूंना पाणी. ट्रोपोमी जातो दुपारी दीडच्या सुमारास, तुमचा भपकारा येतो रात्री. तासाचा आकडा वर्षाला गुणला तर ८५ हजार टन होतात खरे, पण ऐन पावसाळ्यात भिजलेला ढीग काय करतो हे पाहायला जमिनीवरच यंत्रं बसवायला हवीत. तुमच्यासारख्यांनी वासाच्या तक्रारीबरोबर ही मागणीही लावून धरली तर मला आवडेल.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. आमच्या प्रकल्पात 'भारतातला मिथेन प्रामुख्याने भातशेती आणि गुरांमुळे' असं लिहायचं आहे. वाड्याला आजोबांची भातखाचरं आहेत. ते वाचून चिडले आणि म्हणाले, सगळं शेतकऱ्याच्या माथी मारतात. कोणाचं खरं?
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर : आजोबांना सांग, त्यांच्या चिडण्याला इतिहास आहे. १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हिशेब मांडला की भारताची भातखाचरं वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडतात. आपल्याकडच्या खाचरांत कोणी मोजलं होतं का? नाही, परदेशातल्या शेतांची मापं आपल्या एकूण क्षेत्राला लावली होती. तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे आशेष प्रसाद मित्र यांनी १९९१ मध्ये देशभर मोहीमच काढली. भाताच्या रोपांवर पारदर्शक पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने तिच्यातली हवा सिरिंजने ओढायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. काम कंटाळवाणं आणि चिखलातलं. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन, म्हणजे नऊ पटींहून कमी! आपली बरीच खाचरं पावसाच्या भरवशावर असतात, मधूनमधून सुकतात, आणि पाणी हटलं की मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम थांबतं.

पुढे ब्रिस्टल विद्यापीठाच्या अनिता गणेशन आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरची केंद्रं, विमानातले नमुने आणि जपानचा गोसॅट उपग्रह यांच्या नोंदी एकत्र करून २०१० ते २०१५ या काळात सबंध भारताचा मिथेन काढला. गुरं, भात, कचरा, कोळसा सगळं धरून वर्षाला साधारण २ कोटी २० लाख टन. आपल्या सरकारने दिलेल्या आकड्याशी तो बराच जुळला, आणि त्या वर्षांत फारशी वाढही दिसली नाही. आता पूर्वीचा आकडा याच्या शेजारी ठेव : एकट्या भाताचे ३ कोटी ७८ लाख! हे दोन आकडे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर घाल, परीक्षक जागे होतील.

पण वाक्य खोटं नाही. गुरांचा वाटा देशात निम्म्याहून जास्त आहे. तो मुख्यतः ढेकरांतून येतो, मागच्या बाजूवर विनोद करणाऱ्यांची इथे निराशा होते. भातही मिथेन सोडतोच. लावणीनंतर मध्ये काही दिवस पाणी काढून खाचर सुकू दिलं तर तो घटतो. आजोबांना विचार, त्यांच्याकडे ते जमण्यासारखं आहे का.

२०२१ मध्ये ग्लासगोला अनेक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची शपथ घेतली. भारत तीत नाही, आणि कारण दिलं जातं ते शेतकऱ्याचं. त्याच्या पोटावर पाय नको हे मला मान्य आहे. पण त्याला पुढे करून शहरांच्या कचऱ्यालाही सूट मिळते, हे मला अजिबात पटत नाही. कांजूरच्या ढिगात आजोबांचा काय दोष?

प्रश्न : ओला-सुका आम्ही वेगळा करतो, पण सोसायटीच्या खाली तो एकाच ड्रममध्ये पडतो. मग आम्ही कशाला राबायचं?
– एक चिडलेले सभासद, दादर

उत्तर : तुम्ही चिडलात ते बरं झालं, आता सचिवांकडे जा. ओला कचरा ढिगाखाली हवेविना दबला तर मिथेन होतो. तोच हवा लागत कुजला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन त्याच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या घरात. तो हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो, त्यामुळे आज कमी केला तर गुण आपल्या हयातीत दिसतो.

आवारात खताचा ड्रम ठेवा. बाजूला भोकं हवीत, तळाशी नारळाच्या शेंड्या. भाजीच्या प्रत्येक थरावर सुका पाला किंवा लाकडाचा भुसा, आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करणं. कुजकट वास आला तर आत हवा पोहोचत नाही असं समजा आणि भुसा वाढवा. मासळीचे काटे आणि चिकनची हाडं पहिले काही महिने घालू नका, नाहीतर अख्ख्या गल्लीतली मांजरं येतील आणि ड्रम हटवा म्हणून पहिला अर्ज तळमजल्याचा येईल.