चेलोचा बो (गज) पकडताना अंगठा बघ आधी

अरे, आवाज खरखरीत येतोय म्हणून चेलोला (व्हायोलिनच्या त्या मोठ्या भावाला) शिव्या घालू नकोस, नव्वद टक्के वेळा घोळ उजव्या अंगठ्यात असतो. अंगठा ताठ झाला की मनगट, कोपर, खांदा सगळं आखडतं. तो थोडा वाकलेला हवा, टोकाची कड फ्रॉग (बोच्या धरायच्या टोकाचा ठोकळा) आणि बोची काडी जिथे भेटतात त्या कोपऱ्यात, आणि बरोबर समोर मधलं बोट. बाकीची बोटं नुसती सैल सोडायची, करंगळी व्हायोलिनवाल्यांसारखी काडीवर उभी नाही करायची, ती फ्रॉगच्या बाजूने खाली लोंबू दे.

बो जेमतेम ८० ग्रॅमचा असतो रे, मी पहिले दोन महिने तो कुऱ्हाडीसारखा धरायचो, अंगठ्याला घट्टा पडला होता.

आधी पेन्सिलीवर पकड बसव, टीव्ही बघताना वगैरे. मग जाड सी तारेवर लांब, संथ बो ओढ, आणि दाबू नकोस, हाताचं वजन पहिल्या बोटातून तारेवर जाऊ दे, दाबलंस की तार गुदमरते. बोच्या केसांना बोट लावू नकोस, घामाने रोझिन (केसांना चोळायची राळ) धरत नाही. आणि वाजवून झालं की केस ताणायचा स्क्रू सैल कर, हे मी रोज विसरायचो.