2 फुटी टँकमध्ये दोन ऑस्कर मासे चालतील का? त्यांना जिवंत गोल्डफिश द्यावेत का?

दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे, पण मासे आणून झालेत तर आता पुढचं बघू.

आत्ता तुमचे ऑस्कर बोटाच्या दोन पेरांएवढे असतील, पण हा मासा पहिल्या वर्षी महिन्याला जवळपास इंचभर वाढतो आणि पूर्ण वाढला की फूटभर होतो. टँक लहान ठेवला की मासा पण लहानच राहतो असं मलाही सांगितलं होतं, ते खरं नाही, घाण पाण्यात तो खुरटतो आणि जो 10-12 वर्षं जगला असता तो लवकर मरतो. एकाला निदान 4 फूट लांब, दीड फूट रुंद टँक लागतो, साधारण 300 लिटरचा, दोघांना 6 फुटीच घ्या.

आणि फिल्टर मोठा घ्या. ऑस्कर खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, त्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण ते बॅक्टेरिया तयार व्हायलाच 4 ते 6 आठवडे जातात आणि शेवटी उरलेलं नायट्रेट पाणी बदलल्याशिवाय जात नाही. मी आठवड्याला निम्मं पाणी बदलतो. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

माझ्या पहिल्या ऑस्करच्या डोळ्यांच्या वर टाचणी टोचल्यासारखी दोन भोकं दिसली होती, मला वाटलं कुठेतरी घासला असेल, महिनाभरात ती काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी झाली. ह्याला होल इन द हेड म्हणतात, खराब पाणी आणि निकस खाणं असलं की हे बऱ्याचदा दिसतं, आणि मी तेव्हा त्याला रोज गोल्डफिशच देत होतो. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी 1 व्हिटॅमिन नष्ट करतं, शिवाय त्यांच्यासोबत रोग येतात ते वेगळेच. पाणी सुधारलं, पेलेट्सवर म्हणजे माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर आणला, मग भोकं हळूहळू भरली पण खुणा शेवटपर्यंत राहिल्या, अजून वाईट वाटतं. तुम्ही चांगले पेलेट्स द्या, अधूनमधून गांडूळ किंवा कोळंबीचा तुकडा, बास.

झाकणावर वजन ठेवा, उडी मारतो. काचेच्या हीटरला जाळी लावा, धडक मारून फोडतो. पाणी बदलल्यावर कधी कधी तळाशी आडवा पडून राहतो, श्वास नीट चालू असेल तर घाबरू नका, थोड्या वेळाने उठतो. आणि माणूस ओळखतो हो, मी खोलीत आलो की काचेला तोंड लावून माझ्यामागे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत यायचा.

दोन-तीन महिन्यांत मोठा टँक जमणार नसेल तर आत्ताच दुकानात परत द्या नाहीतर मोठा टँक असलेल्या कुणाला तरी द्या. नदीत, तळ्यात मात्र अजिबात सोडू नका, मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज फ्लोरिडाच्या कालव्यांमध्येही पसरलाय.