एलएल-३७ला 'प्रतिजैविक' म्हणावे का?

प्रश्न असा : माणसाच्या शरीरातल्या एलएल-३७ या जिवाणू मारणाऱ्या पेप्टाइडला (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला) 'प्रतिजैविक' म्हणावे का, आणि त्यातले 'एलएल' म्हणजे काय?

म्हणू नये. आरोग्यविषयक लेखांत 'शरीरातले नैसर्गिक प्रतिजैविक' वाचून वाचून वीट आला आहे. काही जण तर 'प्रतिपिंड' लिहून मोकळे होतात. ती उघड चूक, तिच्यावर शब्द खर्चायला नकोत.

आता 'एलएल'. १९९५मध्ये संशोधकांनी जनुकावरून अंदाज बांधला, की हे पेप्टाइड ३९ अमिनो आम्लांचे असणार. पहिली चार फेनिलॲलानिन, ॲलानिन, ल्यूसिन, ल्यूसिन. त्यांच्या इंग्रजी खुणेच्या अक्षरांवरून (एफ, ए, एल, एल) नाव ठेवले 'फॉल-३९'. प्रत्यक्षात शरीरातले विकर दोन आम्ले सोडून पुढे कापते. एफ आणि ए गळाले, उरले दोन एल आणि ३७! ल्यूसिनचे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी १८२०मध्ये ग्रीक 'ल्यूकोस'वरून, म्हणजे शुभ्र, लखलखीत, यावरून ठेवले. आपला 'रुच्' धातू त्याच मुळाचा. 'रुची'चा मूळ अर्थ चव असे ठासून सांगणाऱ्या पंडितांनी धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, उघडावा : 'रुच दीप्तावभिप्रीतौ च'. दीप्ती आधी, आवड नंतर. आणि हे पेप्टाइड ज्या पांढऱ्या पेशींत साठवलेले असते त्या ल्यूकोसाइट, म्हणजे तिथेही 'ल्यूकोस'च. रुची, ल्यूसिन, ल्यूकोसाइट, तिन्ही एका कुळातली!

ल्यूसिन इथे नावापुरते नाही. साध्या पाण्यात ही साखळी सैल, बिनआकाराची असते. जिवाणूच्या पेशीपटलाला भिडली की तिला मळसूत्री पीळ पडतो : एका अंगाला ल्यूसिनसारखी पाण्याला टाळणारी आम्ले, दुसऱ्या अंगाला धनभारित लायसिन आणि आर्जिनिन. जिवाणूचे पटल ऋणभारित, म्हणून धन अंग तिकडे ओढले जाते. पाणी टाळणारे अंग पटलात घुसते आणि पटल फाटते.

एवढेच असते तर 'प्रतिजैविक' चालले असते. पण हाच धनभार जिवाणूंचे अंतर्विष (त्यांच्या आवरणातला विषारी घटक) पकडून दाह शमवतो. सोरायसिस या त्वचारोगात तोच आपल्याच मेलेल्या पेशींचा डीएनए बांधून प्रतिकारपेशींपुढे नेतो आणि त्यांना खवळवतो. हे २००७मध्ये दाखवले गेले. शिवाय पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी बोलावण्याचे कामही हेच पेप्टाइड करते. दाह शमवणारे आणि भडकवणारेही, त्याला कसले प्रतिजैविक म्हणता? 'संरक्षक पेप्टाइड' लिहा.