केस पेपरवरच्या एका ओळीमुळे बाबांचा क्लेम नाकारला

प्रश्न: माझे वडील 71 वर्षांचे आहेत. जून 2019 मध्ये त्यांनी तीन लाखांची मेडिक्लेम पॉलिसी घेतली, जून 2022 मध्ये ती सात लाखांची केली. रिन्युअल कधीच चुकलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. पुण्यात अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. कॅशलेस नाकारल्यामुळे सोनं तारण ठेवून 5 लाख 20 हजार भरले. आता कंपनीने क्लेमही फेटाळला आणि पॉलिसीही रद्द केली. कारण, केस पेपरवर ‘बीपी दहा वर्षांपासून’ असं लिहिलंय आणि प्रपोजल फॉर्ममध्ये (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात) ‘नाही’. कॅज्युअल्टीत ते मीच घाईत, अंदाजाने सांगितलं होतं. गोळी नक्की कधी सुरू झाली हे घरात कुणालाच आठवत नाही. फॉर्म एजंटने भरला होता. काय करता येईल?
– एक वाचक, सातारा

उत्तर: या प्रकरणाचे दोन तुकडे करा. पहिले तीन लाख वेगळे आणि त्यावरचे दोन लाख वीस हजार वेगळे. कंपनीच्या पत्रात दोन्हींची एकच मोळी बांधली आहे, आणि तिथेच ती कच्ची आहे.

विमा नियामक ‘इर्डा’च्या नियमांनुसार पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिली की ‘माहिती लपवली’ या कारणावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पॉलिसीही रद्द करता येत नाही. याला मोरेटोरियम म्हणतात. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, एप्रिल 2024 पासून पाच झाली. वडिलांचे 60 महिने जून 2024 मध्येच भरले. त्यामुळे मूळ तीन लाखांपुरती बीपीची चर्चाच गैरलागू आहे. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. पत्रात ‘फ्रॉड’ शब्द छापला म्हणून फ्रॉड सिद्ध होत नाही.

वाढवलेल्या चार लाखांचे 60 महिने मात्र 2022 पासून मोजतात, म्हणजे ते जून 2027 ला पूर्ण होतील. वरच्या दोन लाख वीस हजारांसाठी म्हणूनच पुरावा लागेल, आणि सगळा भर एका गोष्टीवर राहील: बीपीचं निदान नक्की कधी झालं, फॉर्म भरण्याआधी की नंतर?

ते शोधायची पहिली जागा म्हणजे फॅमिली डॉक्टर. त्यांच्या रजिस्टरमध्ये किंवा जुन्या चिठ्ठ्यांवर बीपीच्या गोळीची पहिली तारीख सापडली, तर त्या नोंदीच्या आधारे सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट घ्या. ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ असं लिहिलेलं सर्टिफिकेट कंपनी बाजूला सारते. दुसरी जागा लोक विसरतात. 2019 मध्ये वडील 65 वर्षांचे होते. या वयात पॉलिसी देण्याआधी कंपन्या बहुधा तपासणी करून घेतात. त्या तपासणीचा रिपोर्ट आणि 2019 व 2022 च्या प्रपोजल फॉर्मची प्रत लेखी मागा. त्या रिपोर्टमध्ये बीपी 128/82 असं काही निघालं आणि ईसीजी नॉर्मल असला, तर ‘दहा वर्षांपासून’ या ओळीतली हवा निघून जाते.

हॉस्पिटलकडून पूर्ण केस पेपर मागवा, नुसती डिस्चार्ज समरी नको. लेखी अर्ज दिल्यापासून 72 तासांत प्रती द्यायचं बंधन डॉक्टरांवर आहे. ‘दहा वर्षं’ ही हिस्ट्री कुणी सांगितली, कुणी लिहिली, हे त्यात दिसतं. ‘नातेवाइकांनी सांगितल्याप्रमाणे’ अशी नोंद असेल तर उत्तमच. तसं लिहिलं नसेल तरी हिस्ट्री तुम्ही दिली होती असं तुमचं प्रतिज्ञापत्र जोडा. ती ओळ खोडायला किंवा समरी बदलून द्यायला मात्र डॉक्टरांच्या मागे लागू नका. एकाच ॲडमिशनच्या दोन समऱ्या निघाल्या की कंपनीला हवा असलेला फ्रॉड तुम्हीच हातात दिलात. डॉक्टरांची तयारी असेल तर त्यांनी आजची तारीख घालून स्वतंत्र खुलासा द्यावा.

आणि चिठ्ठी 2015 ची निघाली तर? खोटं सर्टिफिकेट आणू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सतवंत कौर संधू प्रकरणात मेडिक्लेममध्ये आजार लपवल्याबद्दल कंपनीच्या बाजूने निकाल दिला आहे. तशा वेळी तीन लाखांवर पाय रोवा. उरलेल्या रकमेची आशा बेताची ठेवा. ‘एजंटने भरला, बाबांनी फक्त सही केली’ हा बचाव एकटा टिकत नाही.

आता क्रम. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. क्लेम, मूळ पॉलिसी पूर्ववत करणं आणि व्याज, तिन्ही मागा. कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, तेव्हा त्या मंजुरीची तारीखही विचारा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, की एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विमा तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी) जा. महाराष्ट्रासाठी मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, ऑनलाइन तक्रार आणि व्हिडिओ सुनावणी होते. पॉलिसी वडिलांची आहे, म्हणून तक्रारीवर सही त्यांचीच हवी. एवढ्यासाठी कुणी मुखत्यारपत्र करायला सांगेल, ते करू नका. बोलण्यापुरतं साधं अधिकारपत्र द्या. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तो 30 दिवसांत पाळला नाही तर कंपनीला दिवसाला 5,000 रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.

लोकपाल मानसिक त्रासाची भरपाई देत नाही. ती हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांची मुदत आहे आणि साताऱ्यातच दाखल करता येतं. पण दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका. ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. माझं मत विचाराल तर आधी लोकपाल.

दरम्यान दोन कामं लांबवू नका. डिस्चार्जनंतरच्या औषधांची, टू-डी इकोची, फॉलो-अपची बिलं पॉलिसीत दिलेल्या दिवसांपर्यंत (बहुधा 60 किंवा 90) मिळतात. क्लेम नाकारला तरी ती मुदतीत पाठवून पोच ठेवा; नंतर निकाल बाजूने लागला तरी उशिरा दिलेल्या बिलांवर वाद होतो. रिन्युअलची तारीख आली की हप्ता भरायला तयार असल्याचं ईमेलने कळवा. हार्ट अटॅकनंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड असतं, त्यामुळे ही जुनी पॉलिसी जिवंत ठेवणं दोन लाखांपेक्षा मोलाचं आहे.

वडील सत्तरीच्या पुढे आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो, मात्र योजनेतल्याच हॉस्पिटलमध्ये. झालेल्या खर्चाची परतफेड त्यातून होत नाही.