जोहोरची ऑफर घ्यावी का? आधी सबस्टेशन बघा

तुमचा प्रश्न वाचला. महापेच्या डेटा सेंटरमध्ये सहा वर्षं इलेक्ट्रिकल ऑपरेशन्स, आता मलेशियाच्या जोहोर राज्यातल्या जोहोर बारूहून ऑफर, आणि घरचे म्हणतायत की हा सगळा एआयचा फुगा आहे, दोन वर्षांत फुटला की परत यावं लागेल. मी नऊ वर्षं सिंगापूरला आहे, त्यातली शेवटची चार कॉजवे, म्हणजे सिंगापूर-जोहोरमधला पूल, ओलांडून जोहोरच्या साइटवर कमिशनिंग, म्हणजे नवीन यंत्रणा तपासून चालू करण्यात गेली, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेवढं सांगतो, शेअरचं वगैरे मला विचारू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, जोहोर हे जोहोरसाठी वाढलेलं नाही. तुमच्या ऐरोली-महापेला शेजारी मुंबईचं गिऱ्हाईक आहे, वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल येतात, तिथली वाढ तिथलीच म्हणायची. इकडे सिंगापूरने २०१९ पासून नवीन डेटा सेंटरना परवानगी देणंच बंद केलं होतं, कारण जागा एवढीशी आणि देशाच्या एकूण विजेतली ७ टक्क्यांच्या आसपास वीज एकट्या डेटा सेंटरमध्ये जात होती. २०२२ मध्ये दार किलकिलं केलं खरं, पण २०२३ मध्ये निवडले ते चारच प्रस्ताव, सगळे मिळून ८० मेगावॅटच्या घरात. गिऱ्हाईक तोवर थांबतंय थोडंच, ते गेलं पूल ओलांडून पलीकडे. पूल जेमतेम एक किलोमीटरचा, फायबरने एक-दोन मिलिसेकंदांचा फरक, आणि जमीन सिंगापूरच्या मानाने मातीमोल. जोहोरमधल्या कुलाईच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना तेलाच्या पामच्या बागाच बागा, आणि मध्येच झाडं काढून लाल माती उघडी पडलेली, त्यात खिडक्या नसलेल्या करड्या इमारती. तिथल्या वायटीएल या मलेशियन कंपनीच्या एकट्या डेटा सेंटर पार्कची घोषणाच ५०० मेगावॅटची आहे.

आता घोषणेच्या मेगावॅटबद्दल, कारण तुमचा प्रश्न खरा इथेच आहे. पेपरात येतो तो घोषणेचा आकडा. त्याच्या खाली वीज कंपनीने मंजूर केलेला, आणि सगळ्यात खाली आज खरोखर सर्व्हरला जाणारा. या तिघांत इतकं अंतर असतं की एकाच पार्कबद्दल दोन माणसं भांडतील आणि दोघंही बरोबर असतील. माझ्या एका साइटवर, नाव घेत नाही, बिल्डिंग रंगासकट तयार, यूपीएसच्या बॅटऱ्या रॅकवर चढलेल्या, थंड करणारे चिलर गच्चीवर, आणि ग्रिडची वीज आत आणणाऱ्या सबस्टेशनचा पत्ता नाही. मग भाड्याचे डिझेल जनरेटर आणून लोड बँक टेस्ट केली. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी, लोड बँक म्हणजे सर्व्हरच्या जागी ठेवलेले मोठे हीटर, खरा लोड आल्यावर एसी आणि ब्रेकर टिकतात का ते बघायला. तर रिकाम्या हॉलमध्ये आम्ही हीटर पेटवून बसलेलो, हीटरची हवा थंड करायला चिलर चालू, चिलरला वीज द्यायला डिझेल, बाहेर टँकरवाला उभा, आणि शर्ट पिळला तर बादली भरेल असा दमटपणा. ग्रिडची वीज आली सात महिन्यांनी, आणि तेवढे सात महिने ऑपरेशन्सला घेतलेली सहा पोरं नुसती एसओपी, म्हणजे कामाच्या पद्धतींची कागदपत्रं, लिहीत बसली. तुमची ऑफर ऑपरेशन्सची आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

दुसरं पाणी. महापेला निदान डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थोडा गारवा असतो, इथे बारा महिने तेच हवामान, त्यामुळे कूलिंग टॉवर रात्रंदिवस पाण्याची वाफ करून उडवत राहतात. आणि जोहोरमध्ये पाणी हा नाजूक विषय आहे, १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलू शकतं, तेही २०६१ पर्यंत. अशा ठिकाणी नवीन पाणी पिणारं गिऱ्हाईक आलं की गावातले लोक बोलणारच ना. राज्य सरकारने २०२४ मध्ये अर्ज तपासायला कमिटी बसवली आणि सुरुवातीलाच जवळजवळ ३० टक्के अर्ज परत पाठवले. मला हे चांगलं लक्षण वाटतं. फुगा असता तर कोणी नाही म्हणालंच नसतं.

फुग्याची भीती मला दुसरीकडून वाटते. बऱ्याच साइटवर भाडेकरू एकच असतो, आणि तो बऱ्याचदा चिनी कंपनी. चिनी कंपन्यांना एआय चिप मिळण्याबाबतच्या अमेरिकेच्या नियमांवर त्यांचं गणित अवलंबून, आणि जुलै २०२५ पासून मलेशियानेही अमेरिकन एआय चिप परमिटशिवाय बाहेर पाठवायला बंदी केली. उद्या त्या एका भाडेकरूने हात आखडला तर अख्खा हॉल अंधारात.

बाताम, जकार्ता, बँकॉकचंही विचारलंय. बाताम हे सिंगापूरजवळचं इंडोनेशियाचं बेट म्हणजे जोहोरचंच धाकटं भावंड, सिंगापूरचं सांडलेलं तिकडेही जातंय, फक्त मध्ये समुद्र आहे आणि बेटाची वीज बेटावरच करावी लागते. जकार्ता वेगळं, जकार्ताजवळच्या चिकारांगकडची सेंटर्स स्वतःच्याच साडेसत्तावीस कोटींहून जास्त लोकांच्या देशासाठी आहेत, म्हणून वाढ सावकाश पण मुळं खोल. बँकॉक आणि जवळचं चोनबुरी आत्ता कुठे तापतंय, एडब्ल्यूएसचा, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचा, थायलंड रीजन (तिथल्या डेटा सेंटरचा गट) जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. तिथे मी काम केलेलं नाही, म्हणून इतकंच.

तर एचआरला पगाराआधी हे विचारा: आज लाइव्ह लोड, म्हणजे सर्व्हरला खरोखर जाणारी वीज किती, सबस्टेशन एनर्जाइझ झालंय, म्हणजे त्यात वीज आलीय, की नुसती तारीख मिळालीय, भाडेकरू किती, आणि कूलिंगला पिण्याचं पाणी वापरताय की प्रक्रिया केलेलं सांडपाणी. आणि हो, पगार रिंगिटमध्ये, म्हणजे मलेशियाच्या चलनात आहे हे घरी नीट सांगा, एका सिंगापूर डॉलरला तीनच्या वर रिंगिट पडतात, लोक दोन्हीची गल्लत करतात आणि मग मी सिंगापूरला चाललोय म्हणून पेढे वाटून येतात. रोज कॉजवेने ये-जा करायचा विचारही करू नका, शुक्रवारी संध्याकाळी त्या एका किलोमीटरला दोन तास लागलेले मी बघितलेत. बारूलाच घर घ्या, गणपतीत मात्र सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळात या.

एचआरकडून उत्तरं आली की इथेच टाका, मग पगाराचं बोलू.