नव्वद टक्के लसीकरण, तरी गोवर का?

प्रश्न : आमच्या वॉर्डात ९० टक्के मुलांना गोवराचे दोन्ही डोस मिळालेत. तरी साथ कशी येते?

उत्तर : गणित करून पाहा. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करतो, १५ धरू. दोन डोसांनी सुमारे ९७ टक्के मुलं सुरक्षित होतात. ०.९० × ०.९७ = ०.८७३, असुरक्षित उरले ०.१२७. गुणिले १५ केले की १.९, म्हणजे एक रुग्ण अजूनही जवळपास दोघांना लागण करतो. हा आकडा १ च्या खाली आला तरच साथ विझते. त्यासाठी ९६ टक्क्यांहून जास्त मुलांचे दोन्ही डोस हवेत. नवव्या महिन्यातल्या एकाच डोसाचं संरक्षण जेमतेम ८५ टक्के, म्हणून तो झाडून सगळ्यांना दिला तरी उत्तर २.२५ येतं! त्यात लस राहिलेली मुलं बहुधा एकाच वस्तीत असतात आणि सरासरी ते झाकते. म्हणून आरोग्य केंद्रात वॉर्डाची नव्हे, वस्तीवार टक्केवारी विचारा, तीही दुसऱ्या डोसाची.